गोदामाचा जिना ओझेवाल्याच्या मापाचा हवा

गोदाम भाड्याने घ्यायला निघालेला व्यापारी काय काय पाहतो? पत्रा गळतो की नाही, शटर मजबूत आहे की नाही, आवारात ट्रक वळतो की नाही, विजेचे मीटर वेगळे आहे की नाही. चौरस फुटामागे एका रुपयासाठी तासभर घासाघीस होते. हे सर्व योग्यच आहे. परंतु एक प्रश्न आपल्यापैकी फारच थोडे जण विचारतात. ज्या ओट्यावरून आपला माल चढणार आणि उतरणार आहे, त्या ओट्यावर माणूस कोणत्या वाटेने चढणार आणि उतरणार?

भिवंडीच्या आसपास काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, दापोडे या गावांत फिरून पाहा. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून येथे गोदामांची दाटी झाली. २०१७ साली जी.एस.टी. आल्यावर मुंबईची जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. त्यांतील मोठ्या कंपन्यांची नवी गोदामे सोडून द्या. आपल्या कापडवाल्यांच्या, यंत्रमागवाल्यांच्या, चिंधी आणि सुतवाल्यांच्या लहान गोदामांत ओट्याला काय टेकवलेले दिसते? कुठे बांबूची शिडी, कुठे लाकडी फळी, कुठे सळया जोडून केलेली दीड फुटी लोखंडी शिडी, तर कुठे एकावर एक रचलेले दोन सिमेंटचे ब्लॉक. यालाच आपण जिना म्हणतो.

मीही म्हणत होतो. २०१९ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. माझ्या गोदामाचा ओटा चार फूट उंच. त्याला सळईची शिडी लावलेली. संध्याकाळची वेळ, पाऊस चालू, आणि माल न्यायला लहान टेम्पो आला. त्याचा पाटा ओट्यापेक्षा बराच खाली, म्हणून त्याला आडवा लावला आणि हमाल पाठीवर गठाण घेऊन शिडीने उतरू लागले. आमच्याकडे वीस वर्षे काम करणारा एक वयस्क हमाल दुसऱ्या सळईवरून घसरला. तो खाली, आणि गठाण त्याच्यावर. उजव्या खुब्याचे हाड मोडले. इस्पितळाचे बिल मी दिले, चार महिने घरी पैसे पोहोचवले, आणि मोहल्ल्यात लोक मला म्हणाले की सेठ, तुम्ही फार केले, अल्लाह तुम्हाला याचा अज्र देईल.

त्या शाबासकीने मला झोप लागेना. कारण ती शिडी बनवून घेताना मीच फॅब्रिकेटरला सांगितले होते, "कठडा नको, उगाच किलो वाढतील." जे पैसे मी इस्पितळात दिले तो सदका नव्हता. ती थकबाकी होती, आणि ती एका गरीब माणसाच्या हाडातून वसूल झाल्यावर मी भरली. तो माणूस पुन्हा ओझे उचलू शकला नाही. म्हणून आज हा लेख लिहीत आहे.

चूक कोठे होते?

आपली मूळ चूक अशी की, जिना निवडताना आपण स्वतः त्यावर चढून पाहतो. आपले दोन्ही हात मोकळे असतात, नजर पायांकडे असते, आणि आपण दिवसातून दोनदा चढतो. अशा माणसाला शिडीही पुरते. परंतु तो जिना वापरणारा माणूस वेगळा आहे. त्याच्या पाठीवर किंवा डोक्यावर ओझे आहे. एक हात, कधी दोन्ही हात, ओझ्याला गुंतलेले आहेत. मान वाकलेली आहे. उतरताना त्याला स्वतःची पावले दिसत नाहीत. तो पायाने चाचपून पायरी शोधतो. आणि हे तो दिवसातून शंभर वेळा करतो. जिना त्याच्यासाठी निवडायचा आहे, आणि तोही चढण्यासाठी नव्हे, तर प्रथम उतरण्यासाठी.

हे एकदा मनात ठसले की बाकीचे सर्व हिशेब सोपे होतात.

पहिला हिशेब असा की शिडी म्हणजे जिना नव्हे. शिडीवर माणसाने तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून चढायचे असते आणि तसेच उतरायचे असते. टेकवायची शिडी सुद्धा चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर या हिशेबाने लावावी, वरच्या टोकाला बांधावी आणि टेकलेल्या जागेच्या वर तीन फूट राहू द्यावी, म्हणजे वर पाय टाकताना धरायला आधार राहतो. दिवा बदलायला, पत्रा पाहायला शिडी ठीक आहे. ओझे घेऊन शिडीवर पाय ठेवण्याची वेळ ज्या गोदामात येते, तेथे जिना नाही असेच समजावे.

मापे कोणती घ्यावीत?

नॅशनल बिल्डिंग कोडने घराच्या आतल्या जिन्यासाठी पायरीची उंची १९० मिलिमीटरपर्यंत आणि पाऊल ठेवण्याची रुंदी २५० मिलिमीटरपासून चालवून घेतली आहे. घराखेरीज इतर इमारतींसाठी मात्र उंची १५० च्या वर नको आणि रुंदी ३०० च्या खाली नको असे धोरण ठेवले आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर सहा इंच उंची आणि एक फूट रुंदी. जुने मिस्त्रीही हाच हिशेब धरतात: दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज चोवीस इंचांच्या आसपास यावी. सहा दुणे बारा, आणि बारा, झाले चोवीस. ओझेवाल्यासाठी यात काटछाट करू नये.

आता चार फुटांच्या ओट्याचे गणित करा. अठ्ठेचाळीस इंच भागिले सहा, म्हणजे आठ चढ. शेवटचा चढ ओट्यावरच जातो, म्हणून पायऱ्या सात. सात पायऱ्या एक-एक फुटाच्या, म्हणजे जिन्याची लांबी सात फूट. येथेच आपला व्यापारी दचकतो. "सात फूट जिना आवारात आला तर ट्रक कोठे लावू?" म्हणून तो शिडीकडे वळतो.

यावर उपाय आहे. जिना ओट्यापासून सरळ पुढे काढू नका. ओट्याच्या भिंतीला लागून आडवा काढा, आणि तोही एका कोपऱ्यात. मग तो आवारात फक्त आपल्या रुंदीइतका पुढे येतो. कोपऱ्यात असल्याने ट्रकच्या मागे जाण्याच्या वाटेतही येत नाही. ट्रक मागे घेताना चालकाला जिन्यावरचा माणूस दिसत नाही, म्हणून जिना ट्रकच्या रेषेत असणे हाच एक धोका आहे. कोपऱ्यातला जिना तोही टाळतो.

रुंदी किती ठेवावी? मोकळ्या माणसाला अडीच फूट पुष्कळ झाले. गठाण पाठीवर आडवी असते आणि दोन्ही बाजूंना बाहेर येते. म्हणून साडेतीन फुटांच्या खाली जाऊ नये, आणि एक जण चढताना दुसरा उतरत असेल तर याहूनही जास्त लागेल. सर्वांत चांगले म्हणजे कागदावर आखण्यापूर्वी खडूने जमिनीवर आखा, आपल्या हमालाला नेहमीचे ओझे घेऊन त्या दोन रेषांमधून चालायला सांगा, आणि त्यालाच विचारा. ज्याच्या पायांचा प्रश्न आहे त्याचा सल्ला घेण्यात कमीपणा कसला?

सर्व पायऱ्या एकसारख्या उंचीच्या हव्यात. पाय एकदा सहा इंचांची सवय करून घेतो. मग एखादी पायरी साडेसात इंचांची निघाली की माणूस तेथेच अडखळतो. आपल्याकडे दर पावसाळ्यानंतर आवारात मुरूम टाकतात किंवा पावसाने जमीन धुपते, आणि सर्वांत खालच्या पायरीची उंची बदलते. जिना चांगला असूनही पहिलीच पायरी दगा देते. म्हणून जिन्याच्या पायथ्याशी तीन-चार फुटांचा काँक्रीटचा तुकडा करून घ्यावा. वरच्या टोकालाही ओट्यावर उभे राहायला मोकळी जागा ठेवावी. शेवटच्या पायरीला लागून तागे रचू नयेत.

कशाचा बनवावा?

गोदाम स्वतःचे असेल तर काँक्रीटचा जिना उत्तम. तो हलत नाही, गंजत नाही. फक्त वरचा थर गुळगुळीत घोटू नये, झाडू फिरवून खरखरीत ठेवावा. पायऱ्यांवर चकचकीत लादी किंवा घोटलेला कोटा बसवणे म्हणजे पावसाळ्यात अपघाताला दावत देणे होय.

लोखंडी जिना करायचा तर पायरी कसली, हा प्रश्न येतो. चेकर्ड प्लेट आपल्या बाजारात सहज मिळते आणि छपराखाली ती चांगली चालते. परंतु उघड्यावर तिच्यावर पाणी साचते, त्यात कापडाची तूस आणि धूळ मिसळते, आणि काही वर्षांत तिच्या उठावाच्या रेघा झिजून ती साध्या पत्र्यासारखी होते. आपल्या कोकणपट्टीतील चार महिन्यांच्या पावसात उघड्या जिन्याला लोखंडी जाळीच्या पायऱ्या अधिक बऱ्या. पाणी आणि कचरा दोन्ही खाली पडतात. मात्र जाळीची घरे बारीक असावीत. आपले हमाल स्लीपर घालून, कधी अनवाणी काम करतात, हे कॅटलॉगवाल्याला माहीत नसते. जाडी किती, हे पायरीवर किती वजन येणार यावरून ठरवावे. माणूस साठ-पासष्ट किलोचा, पाठीवरची गठाण तेवढीच किंवा त्याहून जड, आणि एका वेळी जिन्यावर दोन जण. एवढे वजन फॅब्रिकेटरला तोंडाने सांगा आणि कोटेशनवर लिहून घ्या. पायरी पायाखाली लवली की ओझेवाल्याचा तोल जातोच.

आजकाल चाकांचे जिनेही मिळतात. सपाट काँक्रीटच्या जमिनीवर ते सोयीचे आहेत, कारण जेथे टेम्पो तेथे जिना नेता येतो. पण चाकांना कुलूप हवे, आणि ते लावल्याशिवाय पाय ठेवायचा नाही ही शिस्त हवी. मुरुमाच्या, खड्ड्यांच्या आवारात असा जिना घेऊ नये. तो एका पायावर डुलतो.

काही बंधू म्हणतील, जिन्यापेक्षा उतार करून घ्यावा, हातगाडीच चढेल. विचार चांगला आहे, पण जागा मोजा. एकास बारा हा सोयीचा उतार धरला तर चार फुटांच्या ओट्याला अठ्ठेचाळीस फूट लांबी लागते. आपण बारा-पंधरा फुटांत उतार बसवतो, आणि भरलेली हातगाडी पावसात त्यावरून माणसाला ओढत खाली नेते. एवढी जागा नसेल तर उताराचा हट्ट सोडावा. उलट, होईल तेवढा माल जिन्यावरून जाऊच नये अशी व्यवस्था करावी. उंच पाट्याचा ट्रक ओट्याला पाठ लावून उभा राहिला आणि मधल्या फटीवर आकड्याने अडकणारी लोखंडी पट्टी टाकली, तर गठाण सरळ आत जाते आणि हमाल मोकळ्या हाताने जिना उतरतो. जिन्यावरून ओझे नेण्याची वेळ लहान टेम्पोपुरती उरते.

कठड्यावर किलो वाचवू नका

आपला फॅब्रिकेटर बिल किलोच्या भावाने करतो. त्यामुळे आपण त्याला किलो कमी करायला सांगतो, आणि कात्री प्रथम कठड्यावर चालते. नंतर रुंदीवर, नंतर प्लेटच्या जाडीवर. हिशेब पाहिला तर संपूर्ण कठड्याचा खर्च चांगल्या कापडाच्या एका गठाणीच्या किमतीपेक्षा कमी भरतो.

कठडा पायरीपासून साधारण एक मीटर उंच असावा, मध्ये एक आडवी नळी असावी, आणि तो हाताच्या मुठीत मावेल अशा गोल नळीचा असावा. धारदार अँगल कोणी धरत नाही. ओट्याच्या कडेलाही, जेथे ट्रक लागत नाही तेथे, कठडा हवा. जेथे ट्रक लागतो तेथे काढता-घालता येणारी साखळी पुरते.

येथे एक हरकत खुद्द हमालांकडूनच येते. ते म्हणतात की कठडा नको, गठाण त्याला अडकते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. अरुंद जिन्यावर गठाण खरोखरच अडकते आणि झटका बसतो. पण त्यावर कठडा काढणे हा इलाज नसून जिना रुंद करणे हा इलाज आहे. अरुंद जिन्याची शिक्षा कठड्याला का द्यावी?

उजेडाचाही विचार करा. आपला माल बहुधा संध्याकाळनंतर भरला जातो. दिवा हमालाच्या पाठीमागे असेल तर गठाणीची सावली नेमकी पायरीवर पडते. दिवा जिन्याच्या बाजूला आणि उंचावर लावा, प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढा, आणि गठाणीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या रोज झाडून काढा. या तिन्ही गोष्टींना फार खर्च नाही.

भाड्याचे गोदाम आणि कायदा

"गोदाम भाड्याचे आहे, मी खर्च का करू?" असे भाडेकरू म्हणतो. "धंदा त्याचा आहे, मी का करू?" असे मालक म्हणतो. या दोघांच्या मध्ये हमाल उभा आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करारनामा करताना भाडे, डिपॉझिट, वीजबिल यांची कलमे आपण बारकाईने वाचतो. त्यात एक ओळ जिन्याची घाला: खर्च कोणाचा आणि डागडुजी कोणाची. मालक तयार नसेल तर नट-बोल्टने जोडलेला लोखंडी जिना करून घ्या. गोदाम सोडताना तो खोलून नेता येतो. मात्र बोल्ट ओट्यात पक्के असावेत आणि दर पावसाळ्यापूर्वी तपासावेत.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ३२ व्या कलमाने जमीन, पायऱ्या, जिने आणि ये-जा करण्याच्या वाटा भक्कम बांधलेल्या, अडथळा नसलेल्या आणि गरज तेथे मजबूत कठड्याच्या असाव्यात असे बंधन घातले होते. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत त्या कायद्याचा समावेश झाला. "आमचे गोदाम आहे, कारखाना नाही," असे म्हणून आपण सुटू पाहतो. परंतु कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी हे तत्त्व १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून आपल्या देशात आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते सोडलेले नाही. हमालांसाठी तर महाराष्ट्राने १९६९ सालीच माथाडी कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी ५५ किलो हा आकडा धरला होता. आपल्या गठाणीचे वजन किती असते ते आपण जाणतोच. त्यावर आणखी वाईट जिना द्यावा काय?

तवक्कुलचा अर्थ

एक वाक्य मी फार ऐकले आहे आणि स्वतःही उच्चारले आहे: "इतकी वर्षे काही झाले नाही, अल्लाह मालिक आहे." निःसंशय तोच मालिक आहे. परंतु उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांध आणि मग तवक्कुल कर असे शिकवले. जिन्याला कठडा लावणे हे आपल्या काळातील उंट बांधणे आहे. आपल्या हाताखालच्या माणसावर त्याच्या ताकदीपलीकडचे काम टाकू नये, आणि टाकलेच तर त्याला मदत करावी, हीदेखील त्यांचीच शिकवण. त्या माणसाला चांगली पायरी देणे ही मदतीची पहिली पायरी आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी सांगितले जाते की, दूर इराकच्या भूमीत एखादे खेचर ठेचकाळून पडले तरी त्याची वाट सपाट का केली नाही असा सवाल आपल्याला होईल, याचे त्यांना भय वाटे. तेथे खेचर होते, ते शेकडो कोस दूर होते, आणि तरीही भय होते. आपल्या गोदामात माणूस आहे, तो आपल्या नजरेसमोर आहे, आणि त्याच्या घामातून आपल्या गल्ल्यात बरकत येते. आपल्याला सवाल होणार नाही असे आपण कशाच्या आधारावर धरून चाललो आहोत?

बंधूंनो, पावसाळा येण्यापूर्वी एक काम करा. उद्या गोदाम उघडल्यावर खुर्चीवर बसू नका. जिन्याच्या पायथ्याशी उभे राहा आणि आपला हमाल गठाण घेऊन उतरतो तेव्हा त्याच्या पायांकडे पाहा. तो पायरी चाचपतो आहे का? हात आधार शोधतो आहे का? शिडीवरून तिरका उतरतो आहे का? दहा फेऱ्या पाहिल्यावर काय करायचे ते तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही. मग फॅब्रिकेटरला बोलवा, आणि किलो कमी करायला सांगू नका.

माझ्या गोदामाचा जिना आता साडेतीन फूट रुंद आहे, सात पायऱ्यांचा, दोन्ही बाजूंना कठड्याचा. तो वयस्क हमाल आता फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंद ठेवतो. जिना बसला त्या दिवशी तो काठी टेकत आला, कठड्यावरून हात फिरवला, आणि काहीच बोलला नाही. त्या गप्प राहण्याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये, हीच अल्लाहपाशी दुआ. आमीन.